दुर्गाचें दालन : रेइश मागुश येथील मांडणीचें परीक्षण

१. प्रस्ताव

जुन्या दुर्गांची डागडुजी करून त्यांत संग्रहालय किंवा चित्रशाळा मांडण्याची प्रथा गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडे वाढत चालली आहे. ही प्रथा मूलतः स्तुत्य आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. वड-पिंपळांच्या मुळांनीं फुटत चाललेल्या ओसाड तटापेक्षां माणसांचा वावर असलेला तट केव्हांही बरा. परंतु दुर्ग वांचला म्हणजे त्याचा इतिहासही वांचला, असा जो समज या उद्योगाबरोबर रूढ होऊं पाहत आहे, तो तपासून घेण्याची वेळ आली आहे.

११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनें मराठ्यांच्या बारा दुर्गांची नोंद आपल्या यादींत केली. त्यांपैकीं खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागराशीं निगडित आहेत. यादींत नांव आलें म्हणजे प्रवासी येणार, आणि प्रवासी आले म्हणजे फलक, दालनें व दीपयोजना येणार, हें ओघानेंच आलें. पनवेलच्या खाडीच्या तोंडाजवळचा आमचा बेलापूरचा लहानसा कोट त्या यादींत नाहीं. तथापि त्याच्याही जतनाचें काम सिडकोनें हातीं घेतलेलें आहे. अशा वेळीं, जेथें हें कार्य पुरें होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे अशा एखाद्या दुर्गाचें परीक्षण केल्यास पुढील कामास त्याचा उपयोग होईल, या हेतूनें आम्हीं गोमंतकांतील रेइश मागुश हा दुर्ग निवडला आहे. त्याचा शेजारी आग्वाद याचाही विचार अनुषंगानें केला आहे. शेवटीं बेलापूरच्या कोटाविषयीं जें सांगावयाचें आहे, तेंच या लेखाचें खरें प्रयोजन होय.

२. कसोटी

या त्रैमासिकाचे वाचक बहुतेक पोथ्यांच्या व जुन्या कागदपत्रांच्या सहवासांत वावरणारे असल्यामुळें, आमची कसोटी त्यांच्याच परिभाषेंत सांगणें सोयीचें होईल. दुर्ग ही एक पोथी आहे. तिचा कर्ता एक नसतो. एकानें लिहिल्यावर दुसरा तींत भर घालतो, तिसरा समासांत कांहीं लिहून ठेवतो, चौथा नकोशा ओळींवर हरताळ फांसतो. जीर्णोद्धार करणारा स्थपति हा तिची नवी प्रत करणारा लेखक होय, आणि तींत दालन मांडणारा हा तिचा संपादक होय. प्रत करणाऱ्याकडून आपण शुद्ध व सुवाच्य अक्षराची अपेक्षा करतों. संपादकाकडून त्याहून अधिक कांहीं अपेक्षित असतें. मूळ कोणतें, मागाहून आलेलें कोणतें, आणि आपण स्वतः भर कोठें घातली, हें त्यानें वाचकास सांगितलें पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली व १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति ज्यांनीं उघडून पाहिली आहे, त्यांस ही गोष्ट विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. पानाच्या वरच्या भागांत सिद्ध पाठ व खालीं बारीक टाइपांत निरनिराळ्या प्रतींचे पाठभेद, अशी तिची रचना आहे. वरचा पाठ न पटल्यास वाचक खालीं पाहून आपला निर्णय करूं शकतो. डॉ. सुखठणकर व त्यांचे सहकारी यांच्या कार्यावर विद्वानांचा जो विश्वास बसला, त्याचें बरेंचसें श्रेय त्या खालच्या बारीक टाइपास आहे. दुर्गांतील दालनासही असा तळचा भाग हवा.

यावरून तीन कसोट्या निघतात. पहिली ही कीं, दुर्गाचे निरनिराळ्या काळांतील थर पाहणाऱ्यास वेगवेगळे ओळखतां यावेत. दुसरी ही कीं, फलकावर लिहिलेल्या प्रत्येक सालास व विधानास आधार दिलेला असावा. तिसरी ही कीं, तेथें मांडलेल्या वस्तूंनीं त्या दुर्गाचें कार्य उलगडावें. म्हणजे हा दुर्ग याच जागीं कां बांधला आणि तो कोणावर व कसा मारा करीत असे, हें पाहणाऱ्यास कळावें.

३. रेइश मागुशचे थर

मांडवी नदी समुद्रास मिळण्यापूर्वीं जेथें अरुंद होते, तेथें तिच्या उत्तर तीरावर, पणजीच्या समोर, बारदेशांत हा दुर्ग आहे. पोर्तुगीझांनीं तो १५५१ सालीं, व्हाइसरॉय आफोंसो द नोरोन्य याच्या कारकीर्दींत बांधला. त्याच्या पायथ्याचें चर्च १५५५ सालचें, फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनीं उभारलेलें आहे. बाल येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांचें पोर्तुगीझ नांव तें या चर्चचें, आणि तेंच दुर्गाचें. पुढें वेळोवेळीं वाढ होऊन १७०७ सालीं, कायतान द मेल इ काश्त्रु या व्हाइसरॉयच्या वेळीं, दुर्गाची मोठी पुनर्बांधणी झाली. आज जो तट दिसतो त्याचें रूप मुख्यतः या पुनर्बांधणीचें आहे.

१७३९ हें साल मराठी वाचकाच्या विशेष परिचयाचें आहे. चिमाजी आप्पाच्या सैन्यानें त्या वर्षीं मे महिन्यांत वसई घेतली. त्याच वर्षाच्या आरंभीं व्यंकटराव घोरपडे गोमंतकाच्या साष्टींत शिरले, आणि वाडीच्या सावंतांनीं बारदेश व्यापला. बारदेशांत त्या वेळीं पोर्तुगीझांकडे जे दोन मोठे दुर्ग टिकून राहिले, ते रेइश मागुश व आग्वाद. १७४१ सालीं मार्किश द लोरिसाल हा नवें सैन्य घेऊन आला आणि त्यानें बारदेश परत घेतला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या भयानें इंग्रजांनीं आपली फौज गोमंतकांतील किल्ल्यांत आणून ठेवली. ती येथेंही होती, व १८१३ पर्यंत राहिली. त्यानंतर दुर्गाचें लष्करी महत्त्व सरलें आणि त्याचा तुरुंग झाला. तो तुरुंग गोमंतकाच्या मुक्तीनंतरही चालू राहून १९९३ सालीं बंद झाला. पुढें गोवा सरकार, इंटॅक ही संस्था व लंडनचा हेलन हॅम्लिन न्यास यांच्या सहकार्यानें, स्थपति जेरार्द द कुन्य यांच्या देखरेखीखालीं २००८ पासून जीर्णोद्धार होऊन २०१२ सालीं दुर्ग लोकांस खुला झाला.

म्हणजे एकाच वास्तूंत निदान पांच हात दिसतात : सोळाव्या शतकाचा, १७०७ चा, इंग्रजी छावणीचा, तुरुंगाचा व शेवटीं जीर्णोद्धाराचा.

या पांचांच्याही मागें एक सहावा हात सांगितला जातो, तो विजापूरच्या आदिलशहाचा. प्रचलित वर्णनांत १४९३ सालीं आदिलशहानें या टेकडीवर ठाणें बसविलें असें आढळतें. आतां १४९३ सालीं गोवें व दाभोळ हा किनारा बहामनी सुलतानाविरुद्ध बंड करून उठलेल्या बहादूर गिलानीच्या ताब्यांत होता, आणि तो १४९४ सालीं मारला गेला, हें बहामनी इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. तेव्हां त्याच सालीं त्याच किनाऱ्यावर आदिलशहाचें ठाणें बसलें, हें विधान स्वतंत्र पुराव्यावांचून घेतां येत नाहीं. पोर्तुगीझांच्या पूर्वीं या मोक्याच्या टेकडीवर पहारा असणें अगदीं संभवनीय आहे. परंतु संभव निराळा आणि साल निराळें. संभवास आंकडा चिकटला म्हणजे त्यास प्रमाणाची कळा येते, आणि मग एका पुस्तकांतून दुसऱ्यांत तो निर्वेध फिरत राहतो.

४. गुण

प्रथम गुणांचा निर्देश करणें हें परीक्षकाचें कर्तव्य आहे, आणि येथें तें आनंदानें करतां येतें. तुरुंग उठल्यानंतर दीड तपाच्या सुमारास ही वास्तु मोडकळीस आली होती. ती उभी राहिली, तिला छपरें मिळालीं, आणि जांभ्या दगडाचा तट त्याच्याच जातीच्या दगडानें सांधला गेला. कोंकणांत अनेक ठिकाणीं जांभ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटाचा गिलावा चढवून जी हानि झाली आहे, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांस या संयमाचें मोल कळेल. सिमेंट ओल कोंडून धरतें, जांभा सच्छिद्र असल्यानें आंतून कुजतो, आणि कांहीं पावसाळ्यांनंतर गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. चुना ओल येऊं-जाऊं देतो. ही गोष्ट आपले गवंडी पूर्वीं न शिकवितां जाणत होते.

दुसरा गुण असा कीं, दुर्ग पाहण्यास येणारा मनुष्य बुरुजापर्यंत निर्धोक जाऊं शकतो. बुरुजावर उभें राहून मांडवीचें मुख, पलीकडची पणजी व पश्चिमेस समुद्र हें सारें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. दुर्गाच्या स्थाननिवडीचें रहस्य तेथें जितकें लवकर उमगतें, तितकें दहा पानें वाचून उमगत नाहीं. तिसरा गुण हा कीं, जीर्णोद्धारापूर्वींच्या व नंतरच्या स्थितीचीं छायाचित्रें तेथें ठेवलीं आहेत. आमच्या मतें दालनाचा हा सर्वांत मोलाचा भाग होय. आपण काय केलें हें सांगणारा संपादक विश्वासास पात्र ठरतो. या मार्गानें आणखी थोडें पुढें जावयास हवें होतें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

५. दोष

पहिला दोष थरांसंबंधीं. छायाचित्रांवरून काय पडलें होतें व काय उभारलें, हें ढोबळ मानानें समजतें; परंतु प्रत्यक्ष भिंतीसमोर उभा राहिलेला मनुष्य १७०७ चा दगड कोणता व २०१० च्या सुमाराचा कोणता, हें ओळखूं शकत नाहीं. पोथीच्या फाटलेल्या पानास नवा तुकडा जोडतांना तो थोडा निराळ्या छटेच्या कागदाचा वापरावा, म्हणजे जोड लपत नाहीं, हा नियम ग्रंथसंग्राहकांत सर्वमान्य आहे. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेंत वास्तूंविषयीं हेंच सांगितलें आहे : नवा भाग जुन्याशीं सुसंगत असावा, तरी त्याहून वेगळा ओळखूं यावा. सांध्याच्या रेषेंत एखादी बारीक विटेची किंवा चुन्याची ओळ सोडली असती तरी हें साधलें असतें. तुरुंगाच्या काळच्या खुणांचेंही तसेंच. तुरुंग हा दुर्गाच्या आयुष्यांतला सर्वांत अलीकडचा दीर्घ काळ. गोमंतकाच्या मुक्तिलढ्याचें स्मरण येथें एका दालनांत केलें आहे, हें योग्यच झालें; परंतु तट, पहाऱ्याच्या खोल्या व कोठड्या यांचा परस्परसंबंध काय, सैनिकाची जागा कैद्याची केव्हां व कशी झाली, हें वास्तूवरूनच दाखवितां आलें असतें.

दुसरा दोष प्रदर्शित वस्तूंसंबंधीं. येथील मुख्य आकर्षण म्हणजे विख्यात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचें दालन. मिरांडा १९२६ सालीं दमण येथें जन्मले व डिसेंबर २०११ मध्यें, हा दुर्ग लोकांस खुला होण्याच्या कांहीं महिने आधीं, निवर्तले. गोमंतकाच्या गांवांतील बाजार, लग्नें, पाद्री, वाद्यवृंद व गप्पांचे अड्डे यांचें जें चित्रण त्यांच्या हातून झालें, त्याची योग्यता आम्ही पूर्णपणें मानतों. त्यांच्या चित्रांस कायमचें घर मिळालें पाहिजे, याबद्दलही वाद नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तें घर दुर्गाच्या मुख्य खोल्यांतच कां असावें ? चित्रें पाहून परतणाऱ्या मनुष्यास मिरांडा कळतात आणि दुर्ग त्यांची भिंत ठरतो. ग्रंथाच्या मूळ संहितेपेक्षां तिच्या मुखपृष्ठावरील चित्रच वाचकाच्या लक्षांत राहावें, तसें हें झालें आहे.

यावर असें उत्तर दिलें जातें कीं, नुसते तोफगोळे व नकाशे पाहण्यास कोण येणार. चित्रें आहेत म्हणून लोक येतात, आणि लोक येतात म्हणून दुर्गाची निगा राहते. हें उत्तर हंसण्यावारीं नेण्यासारखें नाहीं. निगेस द्रव्य लागतें आणि द्रव्य माणसांच्या येण्यावर अवलंबून असतें. परंतु दोहोंची सांगड घालणें अशक्य नव्हतें. दुर्गांतील मागाहून झालेल्या इमारती चित्रांस द्याव्या आणि तटाशीं, बुरुजाशीं व दरवाजाशीं लागून असलेल्या खोल्या दुर्गाच्या स्वतःच्या कथेस राखून ठेवाव्या, एवढी वांटणी केली असती तरी कोणाचेंच नुकसान झालें नसतें.

तिसरा दोष आमच्या मतें सर्वांत मोठा, आणि तो अभावरूप आहे. रेइश मागुश हा एकटा दुर्ग नव्हता. नदीच्या मुखाबाहेर उत्तरेस आग्वाद व दक्षिणेस काबो. आंत उत्तरेस रेइश मागुश व त्याच्या समोर, आजच्या मिरामारच्या बाजूस, गास्पार दियश. शत्रूचें जहाज पहिल्या जोडींतून निसटलेंच तर दुसऱ्या जोडीच्या दुतर्फी माऱ्यांत सांपडावें, अशी ही योजना होती. यांपैकीं गास्पार दियशचा कोट १८३५ सालच्या लष्करी बंडाळींत जळाला आणि पुढें नामशेष झाला. समोरचा कोट नाहींसा झाल्यामुळें आज रेइश मागुश पाहणारा अर्धाच श्लोक वाचतो, आणि उरलेला अर्धा होता हेंही त्यास कळत नाहीं. बुरुजावरून पैलतीराकडे बोट दाखविणारा एक साधा फलक आणि चार दुर्गांच्या माऱ्याच्या रेषा काढलेला एक नकाशा, एवढ्यानें ही उणीव भरून निघेल. दुर्गाचें कार्य उलगडण्याची जी तिसरी कसोटी आम्हीं सांगितली, ती येथें लागू पडते.

चौथा दोष साधनांचा. १७३९ च्या मोहिमेविषयीं मराठी व पोर्तुगीझ अशीं दोन्ही बाजूंचीं पत्रें उपलब्ध असणें, हें भाग्य फार थोड्या दुर्गांच्या वांट्यास येतें. सरदेसायांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांत त्या काळच्या पोर्तुगीझ-मराठे युद्धाचा पत्रव्यवहार आहे. पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ पर्यंत मागें जातो. डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकरांनीं तेथील दप्तरें धुंडाळून लिहिलेला ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणें विद्यापीठानें १९६७ सालीं प्रसिद्ध केला. दुर्गापासून पुराभिलेखागारापर्यंत केवळ नदी ओलांडण्याचें अंतर आहे. मोडी पत्राची एक व पोर्तुगीझ पत्राची एक अशा दोन प्रतिकृति शेजारीं शेजारीं लावून, एकाच वेढ्याची हकीकत दोन तटांवरून कशी दिसत होती हें दाखविलें असतें, तर हें दालन भारतांत अपूर्व ठरलें असतें. अजूनही तें करण्यास अडचण नाहीं.

६. आग्वाद

आग्वादचा प्रकार थोडा निराळा आहे. हा दुर्ग १६१२ सालीं, मुख्यतः डचांच्या आरमाराच्या भयानें, पुरा झाला. पोर्तुगीझ भाषेंत पाण्यास जो शब्द आहे त्यावरूनच याचें नांव पडलें, कारण जहाजें येथें गोडें पाणी भरून घेत. वरच्या कोटांतील तेवीस लक्षांहून अधिक गॅलनांचें टांकें व १८६४ सालचें दीपगृह आजही पाहण्यास मिळतें. खालच्या कोटांत तुरुंग होता. तेथील कैदी २०१५ सालीं कोलवाळ येथील नव्या तुरुंगांत हलविले गेले, आणि १९ डिसेंबर २०२१ रोजीं, गोमंतकमुक्तीस साठ वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, तुरुंगाच्या जागीं संग्रहालयाचें उद्घाटन झालें. त्रिस्तांव द ब्रागांस कुन्य व डॉ. राममनोहर लोहिया या १९४६ च्या चळवळींतील बंदिवानांचें स्मरण तेथें केलें आहे.

आमच्या पहिल्या कसोटीनें पाहतां हें संग्रहालय रेइश मागुशपेक्षां सरस आहे. कोठडींत कोठडीचीच कथा सांगितली आहे. वस्तु आपल्या जागीं आहे. परंतु येथें दुसरीच अडचण उत्पन्न होते. वरचा कोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे व खालचा राज्य सरकारकडे, अशी विभागणी असल्यामुळें वरचा कोट पाहणाऱ्यास तुरुंग दिसत नाहीं, आणि तुरुंग पाहणाऱ्यास दुर्ग दिसत नाहीं. एका पोथीचीं पानें दोन भावांनीं वांटून घ्यावीं, तसा हा प्रकार आहे. टांकें, गोदी व तट हे सर्व एका जलदुर्गाचे अवयव होते, हें सांगण्याची जबाबदारी दोघांपैकीं एकानें तरी घ्यावयास हवी.

७. परदेशांतील एक उदाहरण

तुलनेसाठीं एक परदेशांतील दुर्ग घेतों. हाँगकाँगच्या बंदराच्या पूर्व मुखाशीं लेइ यू मून येथें इंग्रजांनीं १८८७ सालीं जमिनींत अर्धा दडविलेला एक कोट बांधला. तो पुढें निरुपयोगी होऊन पडला. त्याची दुरुस्ती होऊन जुलै २००० मध्यें तेथें सागरी संरक्षणाचें संग्रहालय सुरू झालें. त्याची विशेषता अशी कीं, दारूगोळ्याच्या कोठारांत दारूगोळ्याचीच माहिती मिळते, आणि खालीं कांठावर पाणसुरुंग सोडण्याचें जें ठाणें होतें तेंही प्रदर्शनाचा भाग केलें आहे. पाहणारा मनुष्य शिपायाच्या वाटेनें चालतो. आमची तिसरी कसोटी येथें पूर्णपणें उतरते.

पण याच संग्रहालयाचें नांव सप्टेंबर २०२४ मध्यें बदललें. जपानविरुद्धच्या प्रतिकाराच्या युद्धास त्या नांवांत अग्रस्थान मिळालें आणि सागरी संरक्षण दुसऱ्या क्रमांकावर गेलें. १९४१ च्या डिसेंबरांत या कोटाजवळ जपान्यांशीं लढाई झाली होती, तेव्हां नव्या नांवास आधार नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तथापि दगड तेच असतां ग्रंथाचें शीर्षक राज्यकर्त्यांच्या इच्छेनें बदलतें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. म्हणूनच तळटिपांचा आग्रह धरावयाचा. शीर्षक कोणींही बदलो, खालीं पुरावा दिलेला असला म्हणजे वाचक फसत नाहीं.

८. बेलापूर

आतां आमच्या खाडीकडे येतों. लोहमार्ग होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य नावेनें पनवेलास उतरे व तेथून बोरघाटाची वाट धरी. त्या जलमार्गावर नजर ठेवणारा कोट तो बेलापूरचा. आज त्याचा तुटका तट व बुरूज यांखेरीज फारसें कांहीं उरलेलें नाहीं, आणि भोंवतीं नवी मुंबईचें शहर उभें आहे. जितके दगड थोडे, तितकी फलकावरील शब्दांची जबाबदारी मोठी. कारण येथें पाहणारा दगड पाहण्यापेक्षां शब्दच अधिक वाचणार. त्या शब्दांत सध्यां प्रचलित असलेल्या हकीकतींतील तीन गोष्टी आम्हांस विचारार्ह वाटतात.

पहिली गोष्ट सालाची. चिमाजी आप्पानें १७३३ सालीं हा कोट पोर्तुगीझांकडून घेतला असें सर्वत्र छापलें जातें. परंतु १७३३ सालीं मराठ्यांची कोंकणांतील मोहीम जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध चालू होती. पोर्तुगीझांविरुद्ध साष्टीची मोहीम सुरू झाली ती १७३७ च्या वसंतांत. ठाण्याची खाडी व साष्टी हातीं येण्यापूर्वीं चार वर्षें एकटा बेलापूरचा कोट घेऊन तो राखला, हें मानण्यास स्वतंत्र पत्राचा आधार पाहिजे. तो मिळेपर्यंत १७३३ हा आंकडा फलकावर कोरणें योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट नांवाची. कोट हातीं आल्यास जवळच्या अमृतेश्वरास बेलाची माळ वाहीन, असा आप्पानें नवस केला, आणि त्यावरून बेलापूर हें नांव पडलें, असें सांगतात. कथा गोड आहे आणि ती लोककथा म्हणून जरूर नोंदावी. पण बेलापूर नांवाचें गांव अहिल्यानगर जिल्ह्यांतही आहे, आणि तेथें कोणी असा नवस केल्याची वार्ता नाहीं. ग्रामनामांवरून कथा रचण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. व्याकरण शिकलेल्या मनुष्यानें तरी व्युत्पत्तीस साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करूं नये.

तिसरी गोष्ट इंग्रजांची. २३ जून १८१७ रोजीं कॅप्टन चार्ल्स ग्रे यानें हा कोट जिंकला, असें लिहिलें जातें. आतां १३ जून १८१७ रोजीं दुसऱ्या बाजीरावाकडून पुण्याचा तह करून घेण्यांत आला, आणि त्यान्वयें बेलापूर, आटगांव व कल्याण हे प्रांत आणि त्यांच्या उत्तरेकडील गुजराथपर्यंतचा मुलूख इंग्रजांस देण्यांत आला. वरील तारीख या तहानंतर बरोबर दहा दिवसांची आहे. मग येथें लढाई झाली, कीं तहान्वयें मिळालेल्या ठाण्याचा ताबा घेतला गेला ? ‘जिंकला’ आणि ‘ताब्यांत घेतला’ या दोन क्रियापदांत एका किल्लेदाराची अब्रू सांठविलेली आहे. तारखा शेजारीं ठेवल्याबरोबर हा प्रश्न उत्पन्न होतो, आणि दालनानें तो लपविण्याऐवजीं पाहणाऱ्यासमोर मांडावा.

पनवेलजवळच्याच कर्नाळ्याचें आणखी एक उदाहरण देतों. तो समुद्रकांठचा नव्हे, पण घांटवाटेवरचा दुर्ग. तेथील फारसी शिलालेखांत सैयद नुरुद्दीन महंमद खान हें नांव व हिजरी ११४६ हें साल असल्याचें सांगून, पुढें इ. स. १७३५ असें साल जोडलेलें सर्वत्र आढळतें. हिजरी ११४६ हें वर्ष जून १७३३ मध्यें सुरू होऊन जून १७३४ मध्यें संपलें. त्यांत १७३५ चा एकही दिवस येत नाहीं. म्हणजे एक तर हिजरी आंकडा चुकीचा वाचला गेला, किंवा त्याचें रूपांतर चुकलें. याचा निकाल केवळ शिलालेखाचा नवा ठसा घेऊनच लागेल. तो ठसा घेण्यास अर्धा दिवस व थोडा कागद लागतो. छापील चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

९. सूचना

मल्लिनाथानें काव्यांवर टीका लिहितांना, मूळांत नाहीं असें कांहीं लिहिणार नाहीं व नको असलेलें कांहीं सांगणार नाहीं, अशी प्रतिज्ञा केली होती. दुर्गांत दालन मांडणाऱ्यांनींही तीच करावी, अशी आमची विनंति आहे. त्यासाठीं तीन गोष्टी सुचवितों. एक, बांधकामास हात लावण्यापूर्वीं दुर्गाचें पूर्ण मोजमाप, छायाचित्रें व सर्व लेखांचे ठसे घेऊन त्यांची एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवावी. दोन, फलकाचा मजकूर छापण्यापूर्वीं तो मोडी, फारसी व पोर्तुगीझ साधनें जाणणाऱ्या अभ्यासकांच्या नजरेखालून घालावा, आणि प्रत्येक सालाखालीं त्याचा आधार एका ओळींत द्यावा. तीन, जें मतभेदाचें आहे तें मतभेदाचें म्हणूनच लिहावें.

कामाचा दुसरा भाग आमच्या वाचकांकडे आहे. पनवेल, उरण, अलीबाग व ठाणें या टापूंतील जुन्या घरांत सनदा, इनामपत्रें, जकातीचे हिशेब व खाजगी पत्रें अजून दप्तरांत बांधलेलीं आहेत. बेलापूरच्या कोटाचा हवालदार कोण होता, त्यास शिबंदी किती होती, तटाच्या दुरुस्तीस चुना कोठून येई, हें सांगणारा एखादा चिटोराही त्यांत निघूं शकेल. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं ते देऊन टाकावे असें आम्ही म्हणत नाहीं. संग्राहकाचा जीव आपल्या संग्रहांत असतो, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांचीं छायाचित्रें मंडळाकडे पाठवावींत आणि नक्कल करून घेण्यास अनुमति द्यावी. रेइश मागुशला पत्रें होतीं आणि तीं दालनांत आलीं नाहींत. बेलापूरला दालन होण्यापूर्वीं पत्रें हातीं आलीं, तर लहानशा कोटाचें हें काम मोठ्या दुर्गांसही धडा घालून देईल. इत्यलम्.